स्किझोफ्रेनियात कुटुंबोपचार : घराने काय शिकायचे, कसे आणि कोणाकडून

तीन आठवडे रुग्णालयात राहून मुलगा घरी येतो तेव्हा आईवडिलांच्या हातात गोळ्यांची पिशवी, डिस्चार्जचा कागद आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. मधल्या महिन्याभरात घरात कसे वागायचे, तो दुपारी बारापर्यंत झोपून राहिला तर उठवायचे की नाही, शेजारचे लोक माझ्याविषयीच बोलतात असे म्हणाला तर काय उत्तर द्यायचे, गोळी नाकारली तर कोणाला विचारायचे, यांपैकी काहीही त्या कागदावर नसते. हे सारे शिकवणारी, आखीव बैठकांमधून चालणारी आणि औषधांच्या जोडीने द्यायची जी उपचारपद्धती आहे तिला कुटुंबोपचार किंवा फॅमिली थेरपी म्हणतात. आपल्याकडे तिला अजूनही ‘समुपदेशन मिळाले तर बरे’ अशा वरकड गोष्टींत मोजले जाते, हे मला अत्यंत चुकीचे वाटते, कारण आपल्या देशात स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार असलेली बहुसंख्य माणसे रुग्णालयात नव्हे तर घरात, आईवडील आणि भावंडांसोबत राहतात.

हा उपचार नक्की कशावर होतो, हे आधी स्पष्ट व्हायला हवे. आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो, असे विसाव्या शतकाच्या मध्यावर काही मनोविश्लेषक मानत होते आणि त्या समजुतीने अनेक आयांना आयुष्यभर अपराधी ठरवले. तिला पुरावा मिळाला नाही आणि ती मागे पडली. आजार मेंदूच्या कार्यातील बिघाडाचा आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे आणि घरातल्या कोणाच्या चुकीने तो जडत नाही. मात्र आजार झाल्यावर तो किती वेळा उलटतो, यावर घरातल्या वातावरणाचा परिणाम होतो. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने रुग्णालयातून सुटलेल्या पुरुषांचा मागोवा घेतला, तेव्हा आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांची प्रकृती अधिक टिकल्याचे दिसले. पुढे १९७६ साली ख्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी दाखवले की जिथे टीका, वैरभाव किंवा अतिकाळजी जास्त असते आणि आठवड्याला ३५ तासांहून अधिक वेळ माणसे समोरासमोर असतात, तिथे आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण बरेच वाढते. घरातली टीका, वैरभाव आणि अतिकाळजी मोजणाऱ्या या मापाला ‘व्यक्त भावना’ असे नाव मिळाले. १९८०च्या दशकात चंडीगडला झालेल्या अभ्यासात लंडनच्या तुलनेत आपल्याकडच्या घरांमध्ये ही पातळी कमी आढळली, पण जिथे वैरभाव होता तिथे आजार उलटण्याचा धोका भारतातही दिसला.

कुटुंबाला उपचारात घेण्याची कल्पना आपण परदेशातून आणली, असेही नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि रुग्णासोबत त्यांनाही आजार समजावून सांगितला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच सुमारास नातेवाइकांना रुग्णासोबत ठेवून घेण्याची पद्धत सुरू केली.

पहिली पायरी : कोणाकडे जायचे आणि कोणी जायचे

सुरुवात आपल्या मनोविकारतज्ज्ञांपासूनच करावी. पुढच्या भेटीत थेट विचारावे, ‘आमच्या संपूर्ण कुटुंबासाठी आखीव बैठका कोण घेईल?’ हे काम बहुधा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा मनोरुग्णालयातील सामाजिक कार्यकर्ते करतात. पुणे येथील येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष बहुधा जिल्हा रुग्णालयात असतो. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ साली स्थापन झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यातील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ यांसारख्या संस्थांनी मराठी कुटुंबांसाठी या क्षेत्रात दीर्घ काळ काम केले आहे. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची प्रथा अशाच स्वमदत गटांतून रुजली आणि पुढे मीही तेच शब्द वापरणार आहे, कारण ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’ या जोडीत नात्याचा जो भाग हरवतो तो या शब्दांत राहतो.

किती बैठका लागतील, हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तीन महिने ते एक वर्ष या काळात किमान १० नियोजित बैठका असाव्यात आणि शक्य असेल तेव्हा शुभार्थीने त्यांत सहभागी व्हावे. एका भेटीत पंधरा मिनिटे सल्ला मिळाला म्हणजे कुटुंबोपचार झाला असे समजू नये. आपल्याकडे बहुतेक वेळा एकटी आई जाते, बाबा ‘तू ये ऐकून’ म्हणतात आणि घरात सर्वांत जास्त वेळ शुभार्थीसोबत असणाऱ्या वहिनीला कोणी विचारतही नाही. त्यामुळे पहिल्या तीन-चार बैठकांना एका छताखाली राहणाऱ्या सर्व प्रौढांनी जावे, लांब राहणाऱ्या भावंडांनी निदान फोनवर सहभागी व्हावे. शुभार्थी खूप संशयात किंवा भीतीत असेल तर त्याला ओढून नेऊ नये. बैठका कुटुंबाने सुरू कराव्यात, त्याला प्रत्येक वेळी कळवावे आणि दार उघडे ठेवावे. त्याच्या पाठीमागे गुपचूप जाणे मात्र टाळावे, कारण संशय हेच ज्याच्या आजाराचे लक्षण आहे त्याला ते उशिरा का होईना कळते आणि मग विश्वास परत मिळवायला फार काळ लागतो.

जवळपास तज्ज्ञच नसेल तर काय? साताऱ्यात, गोव्यात आणि तमिळनाडूत यावर एक महत्त्वाचा प्रयोग झाला. स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन कुटुंबाला आजाराची माहिती दिली, औषधांचा पाठपुरावा केला आणि रोजच्या जगण्यात मदत केली. २८२ व्यक्तींच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षअखेर लक्षणांत आणि अक्षमतेत दिसलेली सुधारणा माफक होती, पण ती केवळ दवाखान्यातील उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक होती. म्हणून गावात आशाताई किंवा एखादी संस्था मदत करू शकत असेल, तर ती नाकारू नये.

दुसरी पायरी : आजार नीट समजून घेणे

पहिल्या दोन-तीन बैठका बहुतांशी माहितीच्या असतात. वही घेऊन जावी आणि प्रश्न आधी लिहून न्यावेत. भास होणे, कोणी पाळत ठेवते अशी पक्की समजूत असणे, विस्कळीत बोलणे ही लक्षणे कुटुंबाला आजार म्हणून पटकन पटतात. न पटणारी लक्षणे वेगळी असतात. अंघोळ टाळणे, तासन्‌तास पडून राहणे, चेहरा भावशून्य होणे, चार शब्दांत उत्तर देणे, हाती घेतलेले काम अर्ध्यात सोडणे ही त्याच आजाराची नकारात्मक लक्षणे आहेत आणि ती भासांपेक्षा अधिक काळ टिकतात. घरातली टीका अभ्यासली तेव्हा तिचा मोठा भाग भासभ्रमांवर नव्हे तर अशाच गोष्टींवर असल्याचे आढळले. आपल्या भाषेत त्याला ‘आळस’, ‘नाटके’, ‘फुकटचे खायची सवय’ असे शब्द आहेत. माझ्या मते ज्या दिवशी घरातले शेवटचे माणूस ‘आळशी’ हा शब्द मनापासून सोडते, त्या दिवशी या उपचाराचा अर्धा पल्ला गाठलेला असतो.

याच बैठकांत दोन विषय धीटपणे काढावेत. पहिला अंगारे-धुपारे, देवस्थान आणि दर्ग्यांचा. श्रद्धेने दर्शनाला जाण्यात औषधाला काही अडचण नाही. मात्र तिथल्या मुक्कामासाठी गोळ्या बंद करणे, उपास घडवणे किंवा बांधून ठेवणे यांमुळे प्रकृती बिघडते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळदंडाने बांधणे पूर्णतः निषिद्ध आहे, मग ते कोणत्याही रीतीने असो. दुसरा विषय लग्नाचा. ‘लग्न करून दिले की सुधारेल’ हा सल्ला मामा-मावशी, आत्या-काका सगळे देतात. लग्नाने हा आजार बरा होत नाही आणि आजार लपवून लावलेले लग्न दोन माणसांना एकाच वेळी संकटात टाकते, कारण लपवायचे म्हणजे गोळ्याही लपवाव्या लागतात आणि मग त्या बंद पडतात. शुभार्थीला लग्न करायचे असेल तर तो त्याचा हक्क आहे, पण समोरच्या व्यक्तीला सारे सांगून आणि आजार बराच काळ स्थिर असताना.

तिसरी पायरी : घरातला उन्हाळा ओळखणे

या टप्प्यावर उपचारक घरातल्या रोजच्या बोलण्याकडे, म्हणजे घरातले वातावरण कशाने तापते याकडे, वळतात. तीन गोष्टी शोधायच्या असतात : टीका, वैरभाव आणि अतिकाळजी. टीका वागण्यावर असते, ‘ताट तसेच ठेवलेस’. वैरभाव माणसावरच असतो, ‘तू या घराला लागलेली पीडा आहेस’. या दोन्ही आपल्याला ऐकल्यावर कळतात. तिसरी कळत नाही, कारण ती प्रेमासारखी दिसते.

समजा, सुहास २६ वर्षांचा आहे. आई त्याच्या खोलीचे दार रात्री तीनदा उघडून पाहते, त्याला पाणी हातात आणून देते, त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलते, तीन वर्षांत एकाही लग्नकार्याला गेलेली नाही आणि ‘मी आहे म्हणून तो जगतोय’ असे सांगताना तिचे डोळे भरतात. या मातेला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सुहासच्या बाजूने पाहिले तर त्याला दिवसभर कोणीतरी निरखत असते, एकही निर्णय त्याच्या वाट्याला येत नाही, आणि ज्याला आधीच आपल्यावर पाळत असल्याचे वाटते त्याच्यासाठी ही निगराणी असह्य होते. मराठी मध्यमवर्गीय घरांत आरडाओरडीपेक्षा ही अतिकाळजीच अधिक आढळेल, असा माझा समज आहे आणि म्हणून उपचारकांना तिच्याविषयी मोकळेपणाने विचारावे.

उपाय बहुधा वेळापत्रकात असतो. आईने आठवड्यातून तीन दुपारी दोन तास घराबाहेर जायचे, मग ते भजनीमंडळ असो की बहिणीचे घर. सुहासने दिवसाचा काही भाग पुनर्वसन केंद्रात, ग्रंथालयात किंवा एखाद्या छोट्या कामात घालवायचा. ३५ तासांच्या त्या आकड्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की दोघांनाही एकमेकांपासून विसावा मिळावा. दोन खोल्यांच्या घरात हे कठीण आहे, याची मला जाणीव आहे. तिथे निदान एक कोपरा, एक खाट किंवा गच्चीचा एक तास असा ठरवून घ्यावा की त्या वेळी कोणी काही विचारायचे नाही.

चौथी पायरी : बोलण्याचा सराव

हा भाग वाचून होत नाही, करूनच होतो. मनोविकारतज्ज्ञ इयान फलून यांनी १९८०च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीत चार कौशल्यांचा सराव केला जातो : आवडलेली गोष्ट बोलून दाखवणे, विनंती करणे, लक्षपूर्वक ऐकणे आणि न आवडलेली गोष्ट शांतपणे सांगणे. बैठकीत ते प्रत्यक्ष करून घेतात आणि आठवड्याचा गृहपाठ देतात.

पहिले कौशल्य सोपे वाटते, पण आपल्या घरांत तेच सर्वांत अवघड जाते, कारण घरच्यांचे कौतुक तोंडावर करायची आपल्याला सवय नसते. ‘आज चहाचा कप तू विसळलास, मला बरं वाटलं’ एवढे वाक्य बाबांच्या तोंडून यायला कधी कधी चार बैठका लागतात. ‘बरं झालं, एकदाचा उठलास’ हे कौतुक नव्हे, त्यात टोमणा आहे आणि शुभार्थीला तो नेमका ऐकू येतो. विनंती करताना एका वेळी एकच गोष्ट, थोडक्यात आणि नेमक्या वेळेसह सांगावी : ‘सुहास, साडेअकराला दुकानातून दूध आणशील का?’ या आजारात लक्ष आणि स्मरण मंदावते, त्यामुळे ‘जरा घरात मदत करत जा’ या वाक्यातून काय करायचे हेच त्याला समजत नाही. न आवडलेली गोष्ट सांगताना स्वतःपासून सुरुवात करावी : ‘रात्री दोनला टीव्ही मोठा होता, माझी झोप मोडली, आवाज कमी ठेवलास तर बरं होईल.’ ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘तुझ्यामुळे’ हे तीन शब्द गाळले तरी बरेच साधते.

भ्रमाविषयी बोलताना कुटुंब दोन टोकांना जाते. बाबा पुराव्यानिशी वाद घालतात आणि आई शांततेसाठी हो ला हो करते. वादाने भ्रम आणखी पक्का होतो, होकाराने त्याला साक्षीदार मिळतो. मधली वाट अशी : ‘मला ते आवाज येत नाहीत, पण तुला येताहेत आणि तू घाबरलायस, हे मला दिसतंय. आपण थोडा वेळ बाहेर बसू या का?’ म्हणजे मजकुराशी नव्हे, त्यामागच्या भीतीशी बोलायचे.

पाचवी पायरी : घरातले प्रश्न सोडवण्याची बैठक

आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि अर्धा तास. टीव्ही बंद, फोन बाजूला. एकच प्रश्न घ्यायचा, तो एका वाक्यात लिहायचा, सर्वांनी सुचवलेले सारे उपाय, अगदी अव्यवहार्य वाटणारेही, टिपून घ्यायचे, मग प्रत्येकाचे फायदे-तोटे पाहून एक निवडायचा, कोण काय कधी करणार हे ठरवायचे आणि पुढच्या आठवड्यात पाहायचे. सुरुवातीला मोठा प्रश्न घेऊ नये. ‘नोकरी कधी लागणार’ हा पहिल्या महिन्याचा विषय नव्हे. ‘अंघोळ आठवड्यातून तीनदा कशी होईल’ हा आहे. त्यावर सुहास स्वतः सांगू शकतो की गोळीमुळे सकाळी डोके जड असते, म्हणून संध्याकाळी पाच ठीक. हे उत्तर त्याच्याशिवाय कोणालाच सुचले नसते. शुभार्थीला बैठकीतून मध्येच उठायची मुभा असावी.

सहावी पायरी : औषधांविषयी एकमत

कुटुंबोपचार औषधांना पर्याय नाही. औषधे अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. गोळी पूड करून चहात किंवा आमटीत कालवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती करणाऱ्या आईची हतबलता मी समजू शकतो. तरीही उघड झाल्यावर शुभार्थी अन्नच नाकारू लागतो, आणि जेवणात काहीतरी घालतात ही त्याची शंका आपणच खरी ठरवलेली असते. त्याऐवजी नकाराचे कारण शोधावे. वजन वाढणे, सुस्ती, हातापायांचा ताठरपणा, लैंगिक अडचणी, एका जागी बसवत नाही अशी तगमग, यांपैकी काही होत असेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. ती तगमग आजार बळावल्यासारखी दिसते, म्हणून ती वेगळी सांगावी. रोजच्या गोळीवरून भांडण होत असेल तर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायच्या दीर्घकालीन इंजेक्शनाविषयी विचारावे. क्लोझापिन हे औषध चालू असेल तर नियमित रक्त तपासणी चुकवू नये.

सातवी पायरी : धोक्याच्या खुणांचा कागद

आजार बहुधा एका रात्रीत उलटत नाही, आधी काही दिवस किंवा आठवडे खुणा दिसतात आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत त्याच खुणा पुन्हा परत येतात. शुभार्थी बरा असताना सर्वांनी मिळून मागच्या वेळचे आठवावे : झोप कमी झाली, दार आतून लावू लागला, पंख्याच्या आवाजाची तक्रार केली, बहिणीशी बोलणे थांबवले. त्या चार-पाच खुणा कागदावर लिहाव्यात. दोन दिसल्या तर डॉक्टरांची वेळ अलीकडे घ्यायची, तीन दिसल्या तर त्याच दिवशी फोन करायचा. फोन कोण करणार, त्याचे नाव लिहावे. ‘टेलिमानस’ या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आणीबाणीसाठी ११२ याच कागदावर असावेत. मरणाविषयीचे बोलणे कधीही धमकी समजू नये. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे या दृष्टीने विशेष नाजूक असतात.

प्रकृती स्थिर असताना शुभार्थीने २०१७च्या कायद्यानुसार आगाऊ निर्देशपत्र करून ठेवावे आणि आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडावा. पुढे निर्णयक्षमता डळमळली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे तो त्यात लिहू शकतो. या कागदावरून घरात जी चर्चा होते ती कागदाइतकीच उपयोगाची असते.

आठवी पायरी : शुभंकरांचे स्वतःचे

अनेक कुटुंबे एकत्र बसणारे गट एका कुटुंबाच्या बैठकांना पूरक ठरतात. तिथे पहिल्यांदाच एखादी आई ‘मला कधी कधी त्याचा राग येतो’ असे मोठ्याने म्हणते आणि समोरच्या दहा माना होकारात हलतात. जवळ असा गट नसेल तर ऑनलाइन भरणाऱ्या सभांची चौकशी संस्थांकडे करावी. अमेरिकेत किंवा आखाती देशांत असलेल्या भावंडांनाही अशा सभांना बसता येते, आणि त्यांनी बसावे, कारण पैसे पाठवण्यापलीकडचा वाटा त्यांना तिथेच कळतो.

‘आमच्यानंतर याचे कोण?’ हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. तो बैठकीत भावंडांसमोर आणि शुभार्थीसमोर घ्यावा, आईवडिलांनी रात्री कुजबुजत नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन अक्षमता ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास अनेक सवलतींसाठी पात्रता मिळते, त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढावे. आई किंवा वडील सरकारी नोकरीत होते तर, मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. तिच्यासाठीची कागदपत्रे पालक हयात असतानाच कार्यालयात नोंदवून घ्यावीत, नंतर त्या कामाचा भार एकट्या भावंडावर येतो.

ठरलेल्या बैठका संपत आल्या की त्या एकदम थांबवू नयेत. दर आठवड्याऐवजी पंधरवड्याने, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी, असे अंतर वाढवावे. शेवटच्या बैठकीत धोक्याच्या खुणांचा कागद पुन्हा वाचावा, त्यातील फोन क्रमांक तपासावेत आणि त्याची एक प्रत घरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी, एक शुभार्थीच्या स्वतःच्या पाकिटात ठेवावी.